बोडीतले देवधान

वनस्पतिशास्त्र हा माझा विषय नव्हे. मी मराठी आणि इतिहास शिकते. तरीही गेल्या पावसाळ्यापासून एका गवताने मला जो अभ्यास करावयास लावला, तो येथे मांडीत आहे. विज्ञान शाखेच्या मित्रमैत्रिणींनी चुका पदरात घ्याव्यात.

साकोली तालुक्यातील आमच्या गावाबाहेर एक बोडी आहे. बोडी म्हणजे शेताला पाणी पुरविणारे लहान तळे. मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, त्याहून मोठे. श्रावणात रोवणी आटोपल्यावर बोडीच्या उथळ कडेला धानासारखी ठोंबे दिसली. तेथे कोणीच रोवणी केली नव्हती. मायला विचारले, तर ती म्हणाली की लोंबी निघेपर्यंत सांगता येत नाही. मला हे उत्तर टाळाटाळीचे वाटले. मी एक रोप उपटून पिशवीत कोंबले आणि दुसऱ्या दिवशी वनस्पतिशास्त्राच्या सरांपुढे ठेवले. रोप तोवर पार कोमेजले होते. सर म्हणाले, "फूल नाही, दाणा नाही. कशावरून सांगू?" मायचेच उत्तर, फक्त पुस्तकी भाषेत!

मोबाईलला विचारले होते, त्याने 'भात' असे सांगितले. ते चूक नव्हते, पण पुरेसेही नव्हते.

तरी सरांनी पानावरून एक गोष्ट दाखविली. गवताचे पान जेथे काडीपासून सुटते, तेथे भाताला पातळ पापुद्र्यासारखी लांब जिव्हिका असते आणि दोन बाजूंना केसाळ कर्णिका असतात. धानात माजणाऱ्या सावा गवताला यांतले काहीच नसते. निंदताना बाया हात न थांबवता हा फरक ओळखतात; मला तो भिंगातून पाहावा लागला. आमच्या रोपाला जिव्हिका होती. म्हणजे ते सावा नव्हते, भाताच्याच कुळीचे होते. पण शेतातले भात की रानटी, हा प्रश्न उरलाच.

पुढची भेट फुलोऱ्याच्या वेळची. बहुतेक गवतांना तीन पुंकेसर असतात, भाताला सहा. मी सुईने फूल उकलून मोजले : सहा. नंतर दाणा भरू लागला, तेव्हा प्रत्येक दाण्याला लांब, खरखरीत कुसळ आले. एक पट्टीवर सात सेंटिमीटर भरले. लोंबीला हात लावताच दाणे गळून पाण्यात पडत. शेतातले धान असे गळत नाही. गळते तर माणसाने ते कापून घरी आणलेच नसते. तुसाखालचा तांदूळ तांबडा निघाला. आता मात्र मायने न विचारता नाव सांगितले : देवधान. नांगरल्याशिवाय येते, म्हणून ऋषिपंचमीला चालते. गळू नये म्हणून पहाटे दव असताना टोपलीत झोडून घ्यायचे, असे तिची आई करीत असे.

नाव मिळाले तरी सरांचे समाधान झाले नाही. आपल्याकडे देवधान म्हणून ओळखले जाणारे भात दोन प्रजातींचे असू शकते. ओरायझा रुफिपोगॉन बहुवर्षायू, खोल पाण्यात राहणारी. ओरायझा निवारा वर्षायू, उन्हाळ्यात आटणाऱ्या डबक्यांतली. दुसरीचे नामकरण शर्मा आणि शास्त्री यांनी 1965 मध्ये केले. पहिलीचे परागकोश लांब, दुसरीचे आखूड. आमचे जेमतेम दोन मिलिमीटर भरले. वैशाखात बोडी आटल्यावर मी ठोंबे खणून पाहिली : मुळासकट मेलेली, हिरवा कोंब एकही नाही. तेव्हा सरांनी कागदावर 'निवारा' लिहू दिले. ग्रंथालयातील कुक यांच्या जुन्या ग्रंथाचा उपयोग झाला नाही. तो मुंबई इलाख्याचा आणि भंडारा तेव्हा मध्यप्रांतात! महाराष्ट्राच्या वनस्पतींवरील भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचा 1996 चा खंड मात्र कामी आला.

एवढी यातायात कशासाठी, असे कोणी विचारील. 1970 च्या सुमारास आशियात भाताला खुरट्या वाढीच्या एका विषाणुरोगाने घेरले. फिलिपीन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने सहा हजारांहून अधिक नमुने तपासले. रोगाला दाद न देणारा नमुना निघाला तो उत्तर प्रदेशातून नेलेल्या निवाराचा. त्याचा गुण आयआर 36 सारख्या जातींत उतरविला गेला आणि त्या कोट्यवधी एकरांवर पिकल्या. सगळे निवारा सारखे नसतात; त्या गुणाचा तो एकच नमुना निघाला. आमच्या बोडीतल्या दाण्यात काय आहे, हे पाहिल्याशिवाय कोण सांगणार?

आता बोडीतला गाळ काढण्याचे ठरत आहे. गाळ काढणे जरुरीचे आहे, पण गळलेले सारे बी त्याच गाळात आहे. मी मायला म्हटले, पूर्वेचा कोपरा तरी तसाच राहू द्यावा. ती म्हणाली, "त्याच कोपऱ्यातून पाणी आपल्या बांधीत येते. तुझं देवधान निंदून निंदून माझी कंबर गेली." हेही खरेच आहे. फुलाआधी ते धानातून वेगळे काढता येत नाही, आणि फुलानंतर दाणा गळून जातो. त्याशिवाय शेजारच्या धानाशी त्याचा संकर होतो, तो वेगळाच.

म्हणून ग्रामसभेसाठी लिहिलेल्या अर्जात मी पश्चिमेचा कोपरा मागितला आहे. तिकडून कोणाच्याच बांधीत पाणी जात नाही. तेथे देवधान किती आहे, हे मात्र मोजून व्हायचे आहे, आणि ते लोंबी निघेपर्यंत सांगता येणार नाही.