पोर्टल करतेस, तर ऐक

अगं, तुझा तो नॉलेज पोर्टलचा आराखडा पाहिला. फॉर्म देखणा झालाय, पण भरणार कोण? विभाग, उपविभाग, टॅग, प्राधान्य... संध्याकाळी लोकल गाठायच्या घाईतला माणूस हे भरत बसेल? लिहायची हमाली एकाची आणि फायदा दुसऱ्याचा, अशी सिस्टिम चालत नाही. जोनाथन ग्रुडिन यांनी १९८८ मध्येच हे लिहून ठेवलंय, तरी सगळे तिथेच ठेचकाळतात.

त्यापेक्षा झेरॉक्स कंपनीची गोष्ट नीट समजून घे. ज्युलियन ऑर हा मानववंशशास्त्रज्ञ त्यांच्या दुरुस्तीवाल्या तंत्रज्ञांबरोबर फिरला. मॅन्युअल हाताशी होतं, पण मशीन नेमकं मॅन्युअलबाहेरचं बिघडायचं. एकदा मशीन दाखवत होतं एक बिघाड, खरा होता भलताच. तंत्रज्ञ आणि त्याचा वरिष्ठ तासन् तास तिथेच जुन्या केसेस एकमेकांना सांगत बसले, आणि त्या बोलण्यातूनच मेख सापडली. जेवताना, कॉफी पिताना ही मंडळी हेच बोलायची. बघणाऱ्याला वाटावं, टाइमपास चाललाय!

पुढे नव्वदच्या दशकात कंपनीने अशा युक्त्या साठवायला ‘युरेका’ ही यंत्रणा उभी केली. सुरुवात फ्रान्समध्ये, मिनिटेलवर, म्हणजे टेलिफोन लाइनवर चालणाऱ्या साध्या टर्मिनलवर. तंत्रज्ञाने युक्ती लिहायची, अनुभवी सहकाऱ्यांनी तपासायची, मग ती सगळ्यांना दिसायची, लिहिणाऱ्याच्या नावासकट. माझ्या मते सगळा जीव त्या नावात आहे. पैसे द्यायचा विचारही निघाला होता, पण तो तंत्रज्ञांनाच पटला नाही. पैसे दिले असते तर दर्जा राहिला असता बाजूला, जो तो युक्त्यांचा आकडा वाढवत बसला असता.

म्हणून आराखड्यातलं ते पॉइंट आणि लीडरबोर्डचं खूळ काढ बाई डोक्यातून. अप्रेझलला तर मुळीच जोडू नकोस, नाहीतर ‘पासवर्ड बदलत राहा’ छापाच्या टिपांचा ढीग पडेल. एक मोकळी चौकट ठेव, मोबाइलवरून दोन ओळी टाकता येतील अशी. तपासायचं कुणी आणि किती दिवसांत, हे आधी ठरव. महिनोन् महिने ‘पेंडिंग’ दिसलं की माणूस परत लिहीत नाही. शिळ्या टिपा काढणारंही कुणीतरी हवं.

सोमवारी सर्व्हर टीमबरोबर डबा खायला बस आणि एवढंच विचार, रात्री सर्व्हर बंद पडला तर फोन कुणाला करता? ज्याचं नाव सगळे घेतील, तोच तुझा पहिला तपासनीस. आणि हो, तपासायचं काम त्याच्या ड्युटीच्या तासांतच धरा, असं साहेबांकडून लेखी घे. तोंडी आश्वासनावर राहू नकोस.