पाटी तीच, व्हॅनचा वेग वेगळा

ब्रिटनमध्ये जे स्वतः व्हॅन चालवतात, किंवा आपली व्हॅन दुसऱ्याच्या हाती देतात, अशा मराठी मंडळींसाठी हे लिहितो आहे. भारतातून येऊन इथला कारचा परवाना काढला की त्याच परवान्यावर साडेतीन टनांपर्यंतची व्हॅन चालवता येते. वेगळी परीक्षा नाही, वेगळा क्लास नाही. त्यामुळे कारचे नियम तेच व्हॅनचे, असं जो तो धरून चालतो.

बर्मिंगहॅमजवळ माझा फराळाचा छोटा व्यवसाय आहे. मालासाठी एक ट्रान्झिट आहे, ती माझ्या नावावर. चालवतो बहुतेक वेळा माझा भाचा. एका दिवाळीच्या तोंडावर तो चकली-चिवड्याचे डबे घेऊन स्कॉटलंडात इन्व्हरनेसपर्यंत जाऊन आला. आठवड्याभरात माझ्या नावाने लिफाफा. ५० मैलांची मर्यादा असलेल्या रस्त्यावर गाडी ५९ने धावली, तेव्हा चालक कोण होता ते कळवा. भाचा खवळलाच. ‘मामा, तिथे ५०ची एकही पाटी नव्हती. पुढची-मागची सगळी वाहनं ६०ने चालली होती. मी कुणाला ओव्हरटेकसुद्धा केलं नाही!’

त्याचं म्हणणं खरं होतं आणि पत्रही बरोबर होतं. रस्त्याकडेला पांढरा गोल आणि त्यावर तिरकी काळी रेघ अशी पाटी दिसते, तिच्यावर आकडा नसतो. तिचा अर्थ, तुमच्या प्रकारच्या वाहनाला देशभर जी मर्यादा ठरलेली आहे ती इथे लागू. दुभाजक नसलेल्या रस्त्यावर कारसाठी ती ताशी ६० मैल आणि व्हॅनसाठी ५०, म्हणजे आपल्या हिशेबात ८० किलोमीटर. दुभाजक असेल तर कारला ७०, व्हॅनला ६०. मोटरवेवर दोघांनाही ७०. वस्तीत, रस्त्यावरचे दिवे दिसू लागले आणि दुसरी पाटी नसली की सगळ्यांना ३०. वेल्समध्ये मात्र १७ सप्टेंबर २०२३ पासून तिथे २० झाले आहेत. सीमेलगतची मंडळी माल पोचवताना हमखास तिथे अडकतात, कारण सीमा ओलांडली तरी रस्ता आधीसारखाच दिसतो.

हे आकडे पाठ करायला अवघड नाहीत. अवघड आहे ते धावत्या गाडीतून रस्ता ओळखणं, आणि त्यात ए९सारखा महामार्ग मिळाला की झालंच. डनब्लेनपासून इन्व्हरनेसपर्यंत हा रस्ता काही मैल दुभाजकाचा, मग काही मैल बिनदुभाजकाचा, पुन्हा दुभाजकाचा असा बदलत जातो. ऑक्टोबर २०१४ पासून त्यावर सरासरी वेग मोजणारे कॅमेरे आहेत. दोन खांबांमधलं अंतर कापायला गाडीला किती वेळ लागला यावरून ते हिशेब करतात, त्यामुळे कॅमेरा दिसताच ब्रेक मारून काही साधत नाही. दुभाजकाच्या टप्प्यात व्हॅनने ६०चा वेग धरला, दुभाजक संपला आणि पाय तसाच राहिला, तर पुढच्या खांबाला हिशेब चुकलाच म्हणून समजा.

इथे दुभाजक म्हणजे मधोमध गवताचा पट्टा, कठडा, काहीतरी प्रत्यक्ष अडथळा. लेन किती आहेत त्याचा काही संबंध नाही. चढावर एका बाजूला दोन आणि दुसऱ्या बाजूला एक अशा तीन लेन असतात, रस्ता चांगला ऐसपैस असतो, पण मध्ये नुसती रंगाची रेघ असेल तर कायद्याच्या लेखी तो बिनदुभाजकाचाच आणि व्हॅनला ५०च. उलट दोन्ही बाजूंना एकेकच लेन, पण मध्ये कठडा असेल, तर तो दुभाजकाचा रस्ता. भाच्याला हे पटायला जितका वेळ लागला तितका मलाही लागला असता.

आता कुठली गाडी व्हॅन, ते. ‘माझी लहान आहे, बर्लिंगो आहे, तिला कारचेच नियम’ असं मला कितीतरी जणांनी छातीठोकपणे सांगितलं आहे. कारची मर्यादा मिळते ती कारच्याच सांगाड्यावर बेतलेल्या आणि मालासकट जास्तीत जास्त दोन टन वजन मान्य असलेल्या व्हॅनला. फोर्ड फिएस्टाची किंवा व्हॉक्सहॉल कोर्साची व्हॅन या जातीतली. बर्लिंगो, कांगू, ट्रान्झिट कनेक्ट दिसायला आटोपशीर असल्या तरी त्यांचं मान्य वजन बहुधा दोन टनांच्या वर जातं. इथे गाडीचं कागदावरचं कमाल वजन धरतात. आज गाडीत माल किती आहे हे कुणी विचारत नाही, म्हणून ‘परतताना रिकामी होती’ ही सबब चालत नाही. गाडीचं नोंदणीपत्रक, म्हणजे व्ही५सी, बाहेर काढा आणि गाडीचा प्रकार व वजन वाचा. शंका राहिली तर ५०-६० धरून चला.

मागे सीट आणि खिडक्या असलेल्या काही व्हॅनना कारचे नियम लागतात, पण त्यालाही वजनाची अट आहे: रिकामी गाडी २,०४० किलोच्या आत हवी. मंडळाच्या सहलीसाठी सोळा सीटची मिनीबस घेतलीत तर तिला व्हॅनसारखेच ५०, ६० आणि ७०. मागे ट्रेलर जोडला की मोटरवेवरही ६०च्या वर जायचं नाही, मग पुढची गाडी कार असो वा व्हॅन.

मोबाइलमधला नकाशा वेगमर्यादा दाखवतो म्हणून त्याच्यावर विसंबणारे पुष्कळ आहेत. तो बिचारा कारची मर्यादा दाखवतो. तुम्ही ट्रान्झिटमध्ये बसला आहात हे त्याला कुठून कळणार?

व्हॅनवरच हा जाच का, असं वाटतं खरं. इंग्लंड-वेल्समध्ये साडेसात टनांवरच्या ट्रकची बिनदुभाजकाच्या रस्त्यावरची मर्यादा एप्रिल २०१५ मध्ये ४०वरून ५० झाली. म्हणजे तिथे माझी ट्रान्झिट आणि ४४ टनांचा राक्षस एकाच रांगेत. मलाही हे गमतीचं वाटतं. पण डब्यांनी ठासून भरलेली उंच व्हॅन वळणावर कशी झुकते आणि थांबायला किती रस्ता खाते, हे एकदा शेजारच्या सीटवर बसून पाहिलं की माणूस वाद घालत नाही.

खरा त्रास होतो तो मागच्या गाड्यांचा. तुम्ही ५०ने चालता, मागची कार बंपरला चिकटते, हॉर्न वाजतो, दिवे लपलपतात. अशा वेळी वेग वाढवू नका. पुढच्या ले-बायमध्ये शिरा, रांग जाऊ द्या, मग निघा. साठ मैलांना ६०च्या वेगाने एक तास लागतो, ५०ने एक तास बारा मिनिटं. त्या बारा मिनिटांची तजवीज मालकाने करायची असते. गिऱ्हाइकांना कारच्या हिशेबाने वेळा द्यायच्या आणि पत्र आलं की पोराला झापायचं, हा शुद्ध अन्याय. मी आता वेळा व्हॅनच्या हिशेबाने देतो. फराळ बारा मिनिटं उशिरा आला म्हणून आजवर कुणी परत पाठवलेला नाही.

पत्र आलंच तर ते ड्रॉवरमध्ये टाकू नका. कॅमेऱ्याची नोटीस साधारण चौदा दिवसांच्या आत नोंदणीत ज्याचं नाव असेल त्याच्याकडे येते. भाड्याच्या गाडीची आधी भाडे कंपनीकडे जाते, म्हणून तुमच्या हाती उशिरा पडते. तेवढ्याने ती बाद होत नाही. चालकाचं नाव २८ दिवसांत कळवावं लागतं. न कळवणाऱ्या मालकाला स्वतःला सहा गुण आणि हजार पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो, म्हणजे मूळ गुन्ह्याहून जास्त. भाच्याला वाचवण्यासाठी चालक म्हणून तुझंच नाव टाक, असं माझी बहीण फोनवरून सुचवत होती. तो विचारही करू नका, त्यात लोक तुरुंगात गेले आहेत.

भाच्याला शंभर पौंड आणि तीन गुण लागले. पैशांचं काही नाही. इथला पहिला परवाना मिळाल्यापासून दोन वर्षांत सहा गुण झाले तर परवाना रद्द होतो, आणि लेखी व रस्त्यावरची अशा दोन्ही परीक्षा पुन्हा द्याव्या लागतात. भारतात वीस वर्षं गाडी चालवलेली असली तरी इथे तुम्ही नवेच. आपल्यातले बहुतेक जण त्या दोन वर्षांत असतानाच घर हलवायला पहिली व्हॅन भाड्याने घेतात. तेव्हा काउंटरवर किल्ली घेताना एवढं विचाराच: या गाडीला बिनदुभाजकाच्या रस्त्यावर ५० की ६०? उत्तर डॅशबोर्डवर चिकटवा आणि मगच गाडी बाहेर काढा.