द्रवांची ओळख : उत्कलनबिंदू आणि साध्या कसोट्या

१९८१ च्या जुलै महिन्यात बंगळूर शहरात विषारी दारू पिऊन तीनशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्या दारूत मिथिल अल्कोहोल मिसळलेले होते. हा द्रव एथिल अल्कोहोलासारखाच रंगहीन, ज्वालाग्राही व पाण्यात सहज मिसळणारा आहे. शरीरात त्यापासून प्रथम फॉर्माल्डिहाइड व मग फॉर्मिक आम्ल तयार होते. त्यामुळे दृष्टी जाते आणि पुष्कळदा प्राणही जातात. मग असे दोन द्रव वेगळे ओळखावेत कसे?

वास फसवा असतो आणि अज्ञात द्रवाची चव कधीही घ्यावयाची नसते. घनताही येथे उपयोगी पडत नाही, २०° सें. तापमानास मिथिल अल्कोहोलाची घनता ०.७९१, तर एथिल अल्कोहोलाची ०.७८९ असते. उत्कलनबिंदूंत मात्र स्पष्ट अंतर आहे. पहिले ६४.७° सें. ला उकळते, दुसरे ७८.३° सें. ला.

उत्कलनबिंदू काढण्याची रीत

यासाठी द्रवाचे काही थेंब पुरतात. ते एका अरुंद नळीत घेऊन नळी तापमापकाला बांधावी. एक टोक बंद केलेली केशनलिका, उघडे टोक खाली करून, द्रवात सोडावी. हे सर्व पाण्याच्या पात्रात धरून पाणी हळूहळू तापवावे. केशनलिकेतून बुडबुड्यांची अखंड माळ निघू लागली की तापविणे थांबवावे. बुडबुडे थांबून द्रव केशनलिकेत शिरू लागतो, त्या क्षणीचे तापमान हाच उत्कलनबिंदू होय. द्रव ज्वालाग्राही असल्यास उघडी ज्योत न वापरता विजेच्या शेगडीने पाणी तापवावे.

स्थळाचा परिणाम

बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे ९२० मीटर उंच आहे. तेथे हवेचा दाब पाऱ्याच्या ७६० मिलिमीटरऐवजी सुमारे ६८५ मिलिमीटर भरतो. म्हणून पाणी सुमारे ९७° सें. ला, एथिल अल्कोहोल सुमारे ७६° ला आणि मिथिल अल्कोहोल सुमारे ६२° ला उकळते. कोष्टकातील आकडे ७६० मिलिमीटर दाबाचे असतात, हे विसरल्यास द्रवाची ओळख चुकू शकते.

रासायनिक कसोट्या

केवळ एका आकड्यावर विसंबू नये. वजनाने सुमारे ९६ टक्के एथिल अल्कोहोल व ४ टक्के पाणी यांचे मिश्रण शुद्ध द्रवाप्रमाणे एकाच तापमानास उकळते. त्यातील पाणी निर्जल मोरचुदाने उघड होते. पांढरी भुकटी निळी पडते.

एथिल अल्कोहोलात आयोडीन व दाहक सोड्याचा विद्राव घालून किंचित तापविल्यास आयडोफॉर्मचा पिवळा साका येतो. मिथिल अल्कोहोल असा साका देत नाही. ॲसिटोन मात्र देते. पण ते ५६° सें. ला उकळत असल्याने वेगळे ओळखता येते.

येथे एक धोका ध्यानात घ्यावा. दोन्ही अल्कोहोले एकत्र असली तरीही पिवळा साका येणारच. म्हणजे साका आला, एवढ्यावरून मिथिल अल्कोहोल नाही असे सिद्ध होत नाही. म्हणून प्रयोगशाळेत नमुन्याचे ऊर्ध्वपातन करून आधी निघणारा भाग वेगळा घेतात. फॉस्फोरिक आम्लाच्या सान्निध्यात पोटॅशियम परमँगनेटने त्याचे ऑक्सिडीकरण करतात. उरलेल्या परमँगनेटचा रंग घालवून क्रोमोट्रॉपिक आम्ल व तीव्र गंधकाम्ल घालतात. जांभळा रंग आल्यास मिथिल अल्कोहोल आहे असे समजतात.

प्रश्न

१. मुंबईत व बंगळुरात एकाच द्रवाचे उत्कलनबिंदू वेगळे का येतात?
२. एक द्रव बंगळुरात ७६° सें. ला उकळतो व पिवळा साका देतो. तो शुद्ध आहे असे म्हणण्यापूर्वी आणखी कोणत्या कसोट्या घ्याव्यात?