जुना लॅपटॉप आणि वाढीव हमी

वापरलेला लॅपटॉप घ्यावयास गेलेल्या पालकांपुढे दुकानदार हल्ली 'वाढीव वॉरंटी'चा कागदही ठेवतो. काही रक्कम आज द्यावी आणि ठरावीक मुदतीत यंत्र बिघडल्यास ते विनामूल्य दुरुस्त करून घ्यावे, असा हा हमीचा करार. तो करावा की न करावा? याचा निर्णय भीतीने अथवा भिडेने न करता गणिताने करावा, असे आम्हांस वाटते.

या गणिताची वाट जुनी आहे. द्यूताचा डाव अर्ध्यावर मोडल्यास पैजेची रक्कम कशी वाटावी, या प्रश्नाचा उलगडा पास्कल व फर्मा या फ्रेंच गणितज्ञांनी १६५४ मध्ये पत्रव्यवहारातून केला. त्याच विचारातून पुढे नियम निघाला तो असा: हानीची रक्कम आणि ती होण्याची संभाव्यता यांचा गुणाकार म्हणजे अपेक्षित हानी.

समजा, लॅपटॉपची किंमत १८,००० रुपये असून वर्षाच्या हमीस २,७०० रुपये पडतात, आणि हमीत बसणाऱ्या दुरुस्तीचा खर्च ५,००० रुपये आहे. २,७०० ला ५,००० ने भागिले असता ०.५४ येतात. म्हणजे अशा शंभर यंत्रांपैकी चौपन्न यंत्रे वर्षाच्या आत बिघडणार असतील, तरच दिलेले पैसे सरासरीने वसूल होतात. हमी देणाऱ्यास आपला खर्च व नफाही याच रकमेतून काढावयाचा असतो, हे ध्यानी ठेवावे.

दुसरा प्रश्न, हमीत काय बसते हा. जुन्या लॅपटॉपमध्ये बहुधा आधी थकते ती बॅटरी. वापराबरोबर तिची धारणशक्ती घटतच जाते. परंतु बॅटरी, पडल्याने झालेली मोडतोड आणि आत सांडलेला चहा या गोष्टी अनेक करारांत वगळलेल्या असतात. मग चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, अशी गत व्हावयाची! म्हणून अपवादांचे कलम आधी वाचावे. हमी निर्माता देतो, दुकानदार की तिसराच कोणी, भरपाईची मर्यादा किती आणि दुरुस्ती कोणत्या गावी होणार, हे लेखी घ्यावे. निर्मात्याची मूळ हमी शिल्लक असल्यास त्याच मुदतीसाठी दुसरी घेणे सहसा व्यर्थ होय. पक्के बिलही जपावे. सदोष वस्तूबद्दल २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वये जिल्हा आयोगाकडे दाद मागता येते.

तथापि सरासरी हा शेवटचा शब्द नव्हे. ज्या घरी एकच लॅपटॉप, त्यावरच मुलीचे शिक्षण अवलंबून आणि ५,००० रुपये एकदम उभे करणे अशक्य, त्या घरी चांगल्या करारासाठी थोडे अधिक मोजणे गैर नाही. न सोसवणाऱ्या हानीसाठीच विमा असतो. ज्यांस ही हानी सोसवेल, त्यांनी तेच २,७०० रुपये पोस्टाच्या बचत खात्यात ठेवावे. यंत्र न बिघडल्यास पैसे आपलेच राहतील. बिघडल्यास वर २,३०० घालावे लागतील.

आता एक उदाहरण घरी सोडवा. हमी १,२०० रुपयांची व दुरुस्ती ६,००० रुपयांची असल्यास शंभरांपैकी किती यंत्रे बिघडली म्हणजे हमी परवडते? उत्तर काढून ते खरेदीपूर्वी वडीलधाऱ्यांस दाखवावे. कारण पैसे मोजून झाल्यावर केलेला हिशेब निरुपयोगी होय.