बोहणीनंतरची नोट

पोरी, परवा तू विचारलंस, "मामा, आम्ही दोघंही राबतो, वायफळ खर्च नाही, तरी वर्षाच्या शेवटी हातात काहीच कसं उरत नाही?" हा प्रश्न शहागडात निम्म्या घरांना पडलेला आहे. पिग्मीची, म्हणजे दारावरच्या रोजच्या बचतीची, पावतीबुकं काखेत घेऊन मी कित्येक वर्षं पैठण फाट्यापासून बसस्टँडपर्यंत हिंडलो. टपऱ्या, गॅरेज, हॉटेलं, खताची दुकानं, शिलाईची दुकानं, सगळ्यांचे गल्ले उघडताना पाहिले. कुणाच्या घरात पैसा टिकतो आणि कुणाच्या का टिकत नाही, हे मला त्या पावत्यांनी शिकवलं. ते आता तुला सांगतो. जावईबापूंनाही सांग.

आधी एक गोष्ट मनातून काढून टाक. गरिबाचा पैसा उधळपट्टीनं जातो, असं म्हणणाऱ्यांचं ऐकू नकोस. सरकारनंच २०१८-१९ सालासाठी केलेल्या पाहणीत देशातल्या शेतकरी कुटुंबाचं सरासरी उत्पन्न महिन्याला १०,२१८ रुपये निघालं आणि डोक्यावरचं सरासरी कर्ज ७४,१२१ रुपये. म्हणजे सात महिने घरात कुणी अन्नाचा कण खाल्ला नाही, तरी कर्ज फिटत नाही. अशा घराला "चहा कमी करा" म्हणून सांगणं हा अन्याय आहे.

त्यातही ते दहा हजार महिन्याच्या महिन्याला येतात कुठे? आपल्याकडं कापसाचा पहिला वेचा दसरा-दिवाळीच्या तोंडावर घरात येतो. कालव्याच्या पाण्यावर ऊस असला तर बिल कारखान्याच्या मर्जीनं येतं. गाळपाला ऊस गेल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावेत असा कायदा आहे, पण शेतकऱ्याला वाट पाहायची सवयच लागून गेली आहे. मोसंबी असली तर बहार साधला तर साधला. पैसा येतो वर्षातून दोनदा-तीनदा, गोळा होऊन. जातो मात्र रोज. तेल, दूध, गोळ्या-औषधं, मोबाईलचं रिचार्ज, गाडीचं पेट्रोल. आणि जून उजाडला की बियाणं, खत, पोरांच्या वह्या-गणवेश, शाळेची फी, सगळं एकाच पंधरवड्यात दारात उभं राहतं. कापसाचा पैसा तोवर संपलेला असतो.

जून ते दसरा. पोरी, घर बुडतं ते या चार महिन्यांत. त्या काळात किराणा उधारीवर, खत-बियाणं उधारीवर, आणि उधारीचा भाव रोखीपेक्षा चढा. पैसे कमी पडले तर कुणाकडून तरी महिन्याला शेकडा तीननं उचलायचे. शेकडा तीन ऐकायला बारीक वाटतं. वीस हजार आठ महिन्यांसाठी घेतले तर नुसतं व्याज ४,८०० होतं. वर्षाचा हिशेब शेकडा छत्तीसचा. दिवाळीला कापूस विकला की आधी ही देणी फिटतात, उरलेल्यात गुढीपाडव्यापर्यंत रेटायचं, आणि जूनमध्ये पुन्हा उधारी. राबणाऱ्या माणसाचा यात कसूर नाही. चक्रच असं फिरतं.

म्हणून तुझी पहिली बचत पोरीच्या लग्नासाठी नको, सोन्यासाठी नको, प्लॉटसाठी तर नकोच. पहिली बचत एकाच कामाची: येता जून ते दसरा उधारी न करता काढायचा. एक पावसाळा असा निघाला की व्याजाचे आणि चढ्या भावाचे पैसे आपोआप हातात राहतात, आणि पुढच्या वर्षी तीच तुझी शिल्लक. पहिल्या वर्षी सगळा नाही जमला, नुसता किराणा जरी रोखीनं आणलास तरी चालेल.

त्यासाठी कापसाची पट्टी हातात आली की त्याच दिवशी वाटणी करायची. रात्र जाऊ द्यायची नाही. एक रात्र गेली की दीर, नणंद, जुना घेणेकरी, नवा फ्रीज, सगळ्यांना त्या पैशाचा वास लागतो. चार महिन्यांच्या किराण्याची रक्कम मोजून वेगळी. बियाणं-खताची वेगळी. आणि पीककर्ज असेल तर त्याची सर्वांत आधी. तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं तर आपल्या राज्यात व्याज शून्य पडतं. याच्याइतका स्वस्त पैसा शेतकऱ्याला दुसरीकडं मिळत नाही. २०१७ला माफी झाली, २०१९ला झाली, म्हणून माफीची वाट बघत थकीत राहिलेली घरं मी पाहिली आहेत. थकबाकीदाराला बँक दारात उभं करत नाही, मग तो शेकडा तीनवाल्याच्या दारात जातो.

आता दुकानाचं. जावईबापूंचं दुकान फाट्यावर आहे, रोजचा पैसा आहे, ही मोठी देणगी आहे. पिग्मी ही चीजच रोजच्या पैशासाठी निघाली. १९२८ साली उडुपीच्या कॅनरा इंडस्ट्रियल अँड बँकिंग सिंडिकेटनं, म्हणजे पुढच्या सिंडिकेट बँकेनं, ती सुरू केली, रोज दोन आणे दारावर जाऊन गोळा करायचे म्हणून. माणसाला महिन्याला साठ आणे जमत नाहीत, रोज दोन जमतात, हे त्या लोकांनी ओळखलं होतं.

पण त्यातही एक मेख आहे. माझ्याकडं दोन तऱ्हेची गिऱ्हाइकं होती. एक सकाळी बोहणी झाली की त्यातली नोट काढून बाजूला ठेवणारी. मी दारात दिसलो की न बोलता हात पुढं यायचा. दुसरी म्हणायची, "संध्याकाळी या, गल्ला बघून देतो." मी संध्याकाळी जायचो. गल्ल्यातून दूधवाल्याला दिलेले असायचे, मालवाल्याला दिलेले असायचे, कुणीतरी पाहुणा आलेला असायचा. "आज राहू द्या, उद्या डबल देतो." तो डबल कधी आला नाही. धंदा दोघांचा सारखाच, कधी तर दुसऱ्याचाच जास्त. दिवाळीला खातं मोडताना मात्र पहिल्याच्या हातात पोरांच्या कपड्यांचे आणि वर शिल्लक टाकायचे पैसे असायचे. फाट्यावरच्या एका चहावाल्याची बायको सकाळच्या पहिल्या पातेल्याचे पैसे गल्ल्यात पडूच द्यायची नाही. साखरेच्या डब्यामागं एक पितळी वाटी होती, त्यात ते जायचे. मी गेलो की ती वाटीच माझ्यापुढं पालथी करायची. चिल्लर असेल ती. कधी तीस, कधी सत्तर. तेवढ्यावर तिनं दोन वर्षांत गॅसची मोठी शेगडी घेतली, हप्त्याशिवाय.

तेव्हा रक्कम किती यावर भांडत बसू नका. रोज पन्नास टाकले तरी वर्षाला १८,२५० होतात. ठरलेली मुदत संपण्याआधी पिग्मी मोडली तर व्याज जातं, वर कमिशन कापतात, तेवढं आधी विचारून घ्या.

पैसा कुठं ठेवायचा, यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण या भागानं फार सोसलंय. पाटीवर "बँक" लिहिलंय की "पतसंस्था" की "मल्टिस्टेट", हे डोळे उघडून वाच. बँकेतल्या ठेवीला, मग ती सहकारी बँक का असेना, व्याजासकट ५ लाखांपर्यंत विमा असतो. २०२०च्या आधी तो १ लाख होता. पतसंस्थेला आणि मल्टिस्टेट सोसायटीला हा विमा नाही. २०२३ साली संभाजीनगरच्या आदर्श नागरी पतसंस्थेत आणि बीडच्या ज्ञानराधा मल्टिस्टेटमध्ये लोकांचे पैसे अडकले. निवृत्तीची पुंजी, जमीन विकल्याचे पैसे, लेकीच्या लग्नासाठी ठेवलेले. लोक रस्त्यावर उतरले, आंदोलनं झाली. त्या लोकांना मूर्ख म्हणू नकोस. गावातली शाखा, ओळखीचा माणूस, दारावर येणारा एजंट, आणि बँकेपेक्षा दोन-तीन टक्के जास्त व्याज. रक्ताचं पाणी करून पैसा जमवणाऱ्याला ते दोन-तीन टक्के फार मोठे वाटतात. बचत करायला सांगणाऱ्यांनी आधी ती सुरक्षित ठेवायची सोय गावोगाव करायला हवी होती, असं माझं आजही म्हणणं आहे. तू मात्र व्याज जास्त दिसलं की दोन पावलं मागं हो.

सोनं तारण ठेवायची वेळ आली, तर पावतीवर प्रत्येक नगाचं वजन लिहून घे आणि मोबाईलवर फोटो काढून ठेव. २०२१च्या दिवाळीआधी आपल्या शहागडातच पतसंस्थेच्या शाखेवर भरदिवसा पिस्तुलं दाखवून दरोडा पडला, तेव्हा लोकांचं तारणाचं सोनं गेलं होतं.

तुझ्या गल्लीतली ऊसतोडीला जाणारी घरं आहेत ना, त्यांच्याकडं बघून "हे एवढे पैसे घेतात आणि उरत का नाही" असं कधी म्हणू नकोस. ते मुकादमाकडून उचल घेतात पावसाळ्यात, लग्नाला, दवाखान्याला. कोयता हातात घ्यायच्या आधीच कमाई खर्च झालेली असते. मग सहा महिने ती फेडायची. उलट्या क्रमानं जगणाऱ्या माणसाला शिल्लक टाकायला जागाच राहत नाही.

गटाचं कर्ज घेऊन बाया तुझ्याकडं येतील. आठवड्याचा हप्ता आणि सगळ्यांनी सगळ्यांची हमी. बचत गटातलं आपणच जमवलेल्या पैशातलं कर्ज वेगळं, आणि फायनान्सवाल्यांचं वेगळं. रिझर्व्ह बँकेचा २०२२पासूनचा नियम आहे की घराच्या सगळ्या हप्त्यांची बेरीज महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नये. मी म्हणतो तू तिसऱ्या हिश्श्यावर थांब. आणि एका फायनान्सचा हप्ता भरायला दुसऱ्याचं घ्यायचं नाही. तिथून परत येणारी घरं मला फार थोडी दिसली.

आजारपण हा दुसरा खड्डा, जूनइतकाच खोल. रात्री छातीत दुखलं की गाडी करून माणसं बीडला नाहीतर संभाजीनगरला पळतात, आणि घाबरलेला माणूस समोर येईल त्या दवाखान्यात शिरतो. आजच चौकशी करून ठेव की महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कोणते दवाखाने आहेत. वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार त्यात होतात. यादी भिंतीवर लाव. संभाजीनगरच्या घाटी सरकारी दवाखान्याची वाट घरातल्या सगळ्यांना ठाऊक असू दे. आणि दोघांच्या खात्यातून ४३६ रुपयांचा जीवनज्योती आणि २० रुपयांचा अपघाताचा विमा जाऊ दे. वर्षाला ४५६ रुपये माणशी, त्यात दोन-दोन लाखांचं कवच. मे महिना संपताना खात्यात तेवढी रक्कम असली पाहिजे, नाहीतर विमा तुटतो आणि कुणी सांगत नाही.

भिशी लावायची तर नात्यातल्या, रोज तोंड दिसणाऱ्या बायांत लाव. आहेर-मानपानावर मी बोलत नाही, तुझ्या सासूबाई त्यात माझ्यापेक्षा शहाण्या आहेत.

तुझ्या स्वतःच्या खात्यात लाडकी बहीण योजनेचे महिन्याला १,५०० येतात. ते घरखर्चात मिसळू देऊ नकोस. त्यातले पाचशे पोस्टात आरडीला लाव. शंभरपासून सुरू होते, पाच वर्षांची असते. हे पैसे तुझ्या नावावर आहेत हे जावईबापूंना ठाऊक असावं. लपवलेला पैसा घरात भांडण लावतो आणि अडचणीच्या वेळी सापडतही नाही. किती आहेत ते सांगावं, कधी मोडायचे ते तू ठरवावंस.

येत्या सोमवारी पोस्टात जाशील तेव्हा आधार, पॅन आणि दोन फोटो ने. फॉर्मवर वारसाचा रकाना असतो, तो कोरा ठेवायला सांगतील तर ऐकू नकोस. नाव भर, आणि पासबुक हातात आलं की काउंटर सोडायच्या आधी ते नाव त्यात नीट आलंय का, ते वाचून घे.