मंदील आणि सुताराचा मायटर
(एका शब्दाचा अभ्यास)

वाचन : निर्गम २८:३६-४०, ३१:१-६, ३९:२७-३१, लेवीय १६:४, जखऱ्या ३:१-५.

संडे स्कूलच्या वर्गात निर्गमाचा अठ्ठाविसावा अध्याय आला की शिक्षकांची थोडी पंचाईत होते. एफोद म्हणजे काय, ऊरपट म्हणजे काय, हे चित्र काढून दाखविता येते. पण 'मंदील' हा शब्द आला की आजची मुले तोंडाकडे पाहतात. इंग्रजी माध्यमात शिकणारी मुले तर जुन्या इंग्रजी शास्त्रातला 'मायटर' हा शब्द शोधून आणतात आणि कोशात पाहून विचारतात, "सर, मायटर म्हणजे बिशपची टोपी की सुतारकामातला सांधा?" कोश दोन्ही अर्थ देतो आणि दोन्ही बरोबर आहेत. ह्या प्रश्नाला हसून पुढे जाऊ नये, असे आम्हांला वाटते. म्हणून ह्या महिन्याच्या अभ्यासासाठी हाच शब्द घेतला आहे.

प्रथम मूळ शब्द पाहू. इब्री शास्त्रात प्रमुख याजकाच्या शिरोवस्त्राला 'मित्स्नेफेत' म्हटले आहे. ज्या धातूपासून हा शब्द बनला त्याचा अर्थ 'गुंडाळणे' असा आहे. म्हणजे ती शिवलेली टोपी नव्हती. तलम तागाचे लांब कापड डोक्याभोवती गुंडाळून ते बांधीत असत. बाराव्या शतकातील यहूदी पंडित मायमोनिदीस ह्याने त्या कापडाची लांबी सोळा हात सांगितली आहे. आपल्याकडचा कोल्हापुरी फेटा लांबीला साधारण एवढाच, किंवा थोडा अधिकच भरतो. निपाणी-चिकोडीकडच्या आपल्या आजोबा-पणजोबांना हा अध्याय समजावून सांगावा लागला नसता. त्यांच्या डोक्यावर पटका किंवा रुमाल होताच, आणि मुंडासे हा शब्द तर मराठीत आणि कानडीत सारखाच चालतो.

मराठी भाषांतरकारांनी येथे साधे 'पागोटे' न घेता 'मंदील' हा शब्द घेतला. मंदील म्हणजे जरीचे, मानाचे पागोटे. दरबारात सरदारांच्या डोक्यावर असे ते. शब्द आपल्याकडे फारसी-अरबी वाटेने आला, आणि अरबांकडे तो लॅटिनातून, हातपुसण्या-टेबलावरच्या कापडाच्या नावावरून गेला असे भाषाशास्त्रज्ञ सांगतात. साध्या फडक्याचे नाव सरदाराच्या मस्तकावर चढले! निवड चांगली होती, कारण निर्गम २८:४० मध्ये अहरोनाच्या मुलांच्या शिरोवस्त्रांसाठी इब्रीत वेगळा शब्द आहे. सामान्य याजकाचे वेगळे आणि प्रमुख याजकाचे वेगळे, हा भेद मराठी वाचकाला 'मंदील' ह्या एका शब्दाने कळतो.

ख्रिस्तपूर्व काळात शास्त्राचे ग्रीक भाषांतर झाले, त्यात अहरोनाच्या मंदिलासाठी काही ठिकाणी 'मित्रा' हा शब्द आला. मराठी कानाला ही कोणाला तरी मारलेली हाक वाटेल. पण ग्रीकांमध्ये मित्रा म्हणजे पट्टी, मग ती कमरेची असो की डोक्याची. हाच शब्द लॅटिनात आणि पुढे इंग्रजीत 'मायटर' झाला. १६११ च्या इंग्रजी शास्त्रात प्रमुख याजकाच्या मंदिलाला हेच नाव आहे. अलीकडच्या इंग्रजी भाषांतरांत त्या जागी 'टर्बन' आले, म्हणजे एका अर्थी इंग्रज पुन्हा आपल्या पागोट्याकडे आले.

आता बिशपची टोपी. पुष्कळ लोकांची समजूत अशी की, अहरोनापासून आजपर्यंत ही टोपी परंपरेने चालत आली. तसे नाही. पश्चिमेकडील मंडळीत बिशपांच्या मायटरचे स्पष्ट उल्लेख अकराव्या शतकापासून मिळतात. १०४९ मध्ये पोप नववा लिओ ह्याने ट्रिअरच्या बिशपाला रोमी मायटर घालण्याचा मान दिला, हा त्यांतला प्रसिद्ध उल्लेख. तिची दोन टोके पुढे-मागे उभी राहण्याचा प्रघात बाराव्या शतकातला. दोन टोके म्हणजे जुना व नवा करार, हा अर्थ टोपी रूढ झाल्यावर लोकांनी तिला दिला. अर्थ गोड आहे, पण त्यासाठी टोपी शिवली गेली नव्हती. इंग्लंडात धर्मसुधारणेनंतर मायटर घालणे जवळजवळ बंद पडले. ते पुन्हा सुरू झाले एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात; १८८५ मध्ये लिंकनचे बिशप झालेले एडवर्ड किंग ह्यांचे नाव ह्या संदर्भात नेहमी घेतले जाते.

बेळगावात प्रॉटेस्टंट मिशनचे काम लंडन मिशनरी सोसायटीने १८२० मध्ये सुरू केले. त्या मिशनऱ्यांच्या मंडळीत बिशपच नसत. मग मायटर कोठली? १९०४ मध्ये ते काम मेथडिस्ट मिशनकडे आले. त्यांना बिशप आहेत, पण मायटरची चाल नाही. पुढे १९४७ मध्ये चर्च ऑफ साउथ इंडिया आणि १९७० मध्ये चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाल्यावर बिशपपद आपल्या अधिक लोकांना परिचयाचे झाले. रोमन कॅथलिकांचा बेळगाव धर्मप्रांत १९५३ चा. तेव्हा आपल्या मुलांनी मायटर पाहिली असेल तर बहुधा त्यांच्या सणाच्या मिरवणुकीत. ती पाहून कोणी नाक मुरडू नये आणि कोणी हेवाही करू नये. शास्त्राने ती आपल्यावर घातलेली नाही आणि शास्त्राने ती मनाईही केलेली नाही.

खरा विचार करण्याजोगा भाग निर्गम २८:३८ मध्ये आहे. मंदिलाच्या पुढच्या बाजूस निळ्या फितीने सोन्याची पट्टी बांधलेली असे व तिच्यावर परमेश्वराच्या पावित्र्याचे शब्द कोरलेले असत. ती कशासाठी? अहरोन शोभून दिसावा एवढ्यासाठी नव्हे. इस्राएल लोक जी पवित्र अर्पणे आणतील त्यांतला दोष त्याने आपल्या माथ्यावर वाहावा, म्हणून. अर्पण चांगल्या मनाने आणले तरी त्यात माणसाचे उणे राहतेच; ते उणे प्रमुख याजकाच्या कपाळावर येई. मंदील हा मान खरा, पण वाहायचे ओझेही तेच. आणि लेवीय १६:४ पाहा. वर्षातून एकदा प्रायश्चित्ताच्या दिवशी तो परमपवित्रस्थानात जाई, तेव्हा साधी तागाची वस्त्रे व तागाचाच मंदील. सोन्याच्या पट्टीचा तेथे उल्लेखही नाही. देवाच्या अगदी जवळ जायच्या दिवशी पोशाख सर्वांत साधा होता.

आपल्या भागात सत्काराला फेटा बांधण्याची चाल आहे आणि ती मंडळीतही आली आहे. नवीन पाळक आले, फेटा. पंचकमिटीची निवड झाली, फेटा. वर्धापनदिनाला पाहुणे आले, फेटा. त्याला आमची हरकत नाही, फेटा सुंदरच दिसतो. पण कोणाला आधी बांधला, कोणाला बांधायचा राहिला, ह्यावरून दोन घरे वर्षभर बोलत नाहीत, तेव्हा अठ्ठाविसाव्या अध्यायाचे अडतिसावे वचन वाचून दाखवावे. ज्याच्या डोक्यावर कापड चढले त्याने मंडळीतला कोणता दोष आपल्या माथ्यावर घेतला, एवढेच विचारावे.

येथे चौकस विद्यार्थी १ करिंथ ११:४ काढील. पुरुषाने मस्तक झाकून प्रार्थना करू नये असे पौल म्हणतो, मग अहरोनाचे काय? करिंथ ही रोमी वसाहत होती, आणि रोमी लोक दैवतांना बळी अर्पिताना अंगावरचा झगा डोक्यावर ओढून घेत. त्या चालीपासून ख्रिस्ती पुरुषांनी दूर राहावे, असा पौलाचा रोख असावा असे अनेक अभ्यासकांचे म्हणणे आहे व आम्हांलाही ते पटते. आपल्याकडे वडीलमाणसापुढे बोडक्याने जाणे हाच अनादर समजत. तेव्हा एखादे वृद्ध गृहस्थ पटका बांधून उपासनेला आले तर त्यांना टोकू नये.

आता मायटरचा दुसरा अर्थ. फोटोची चौकट घ्या. तिचा प्रत्येक कोपरा काटकोनाचा, नव्वद अंशांचा. दोन्ही पट्ट्या पंचेचाळीस-पंचेचाळीस अंशांत तिरप्या कापून भिडविल्या की कोपरा जुळतो. ह्या सांध्याला मायटर म्हणतात. बिशपच्या टोपीच्या टोकाशी असलेल्या साम्यावरून हे नाव पडले असे सामान्यतः सांगतात. (वैद्यकातही तो शब्द आहे. हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन पाकळ्यांच्या झडपेला वेसालियस ह्या शरीरशास्त्रज्ञाने सोळाव्या शतकात बिशपच्या मायटरची उपमा दिली, म्हणून डॉक्टर तिला मायट्रल झडप म्हणतात.)

सुतार म्हणा की कानडीत बडगी म्हणा, हा सांधा करताना तो दोन गोष्टी सांभाळतो. पहिली ही की, दोन्ही काप सारखेच हवेत. एक सत्तेचाळीस अंशांचा व दुसरा त्रेचाळीसचा केला तरी बेरीज नव्वदच होते. पण कापलेल्या दोन बाजूंची लांबी कमीजास्त होते आणि टोकाला टोक भिडत नाही. दुसरी गोष्ट हवेची. लाकूड लांबीत फारसे बदलत नाही, रुंदीत मात्र फुगते आणि आकसते. आपल्याकडच्या पावसाळ्यात ते फुगले की सांधा बाहेरच्या कोपऱ्याला उघडतो; चैत्रात आकसले की आतल्या कोपऱ्याला. नुसत्या सरसावर हा सांधा फार काळ टिकत नाही, कारण तिरप्या कापलेल्या टोकाला सरस नीट धरत नाही. म्हणून जाणता सुतार कोपऱ्यात आडवी पातळ फळी बसवितो किंवा बारीक खिळे मारतो. आणि जेथे भार पेलायचा, जसे दाराची चौकट, तेथे कुसू आणि खाचच करतो. निवासमंडपाच्या फळ्यांनाही कुसेच होती (निर्गम २६:१७), मायटर नव्हते.

आम्ही हे एवढे विस्ताराने सांगतो, ह्याचे कारण आपला सीमाभाग. १ नोव्हेंबर १९५६ पासून बेळगाव, निपाणी, खानापूर हे कानडी राज्यात आहेत. १ नोव्हेंबर २०१४ पासून शहराचे सरकारी नाव बेळगावी झाले. त्या वादात येथे कोणी उतरू नये. पण एकाच गावात मराठी आणि कानडी बोलणारे विश्वासी राहतात, एकमेकांच्या लग्नाला जातात, एकाच दफनभूमीत आपली माणसे ठेवतात. संयुक्त उपासना ठरली की मात्र कुरबूर सुरू होते. उपदेश कोणत्या भाषेत? गीते किती-किती? "आम्ही दोन गीते सोडली, त्यांनी एकच सोडले," असे बोलणे होते. हा सत्तेचाळीस-त्रेचाळीसचा सांधा आहे. हिशेब पुरा दिसतो आणि कोपरा उघडा राहतो. नाताळच्या एका संध्याकाळी एकत्र बसणे हा नुसता सरस झाला. त्यात आडवी फळी बसवायची तर मराठी मुलांनी चार कानडी गीते पाठ करावीत, कानडी तरुणांनी मराठी शास्त्रपाठ वाचावा, आणि हे पावसाळ्यात व उन्हाळ्यात, म्हणजे बाहेर वातावरण तापले असतानाही, चालू ठेवावे. इफिस २:१४ व २१ ही वचने वर्गात येथे जोडून वाचावीत.

मंदील आणि सुतारकाम ही दोन टोके शास्त्रातही जवळ आहेत, हे मुलांना जरूर दाखवा. निर्गम ३१ मध्ये देवाने बसालेलाला नाव घेऊन बोलाविले. लाकूड कोरणे, सोने घडविणे, रत्ने जडविणे हे सर्व त्याला दिले, आणि सोबतीला अहलियाब दिला. बाभळीच्या फळ्या ज्या कामगारांच्या हाताखालून गेल्या, त्यांच्याच हाताने ३९ व्या अध्यायात मंदील व सोन्याची पट्टीही तयार झाली. शास्त्रात ज्याला कारागिरीसाठी देवाच्या आत्म्याने भरले असे म्हटले आहे, तो याजक नव्हे, हा बसालेल आहे. आणि नासरेथात लोकांनी ज्याला "हा सुतार नव्हे काय" अशा अर्थाने हिणविले (मार्क ६:३), त्यालाच इब्री ४:१४ थोर प्रमुख याजक म्हणते. त्याच्या मस्तकावर मंदील कोणी बांधला नाही. शिपायांनी काट्यांचा मुकुट घातला, आणि लोकांचा दोष वाहण्याचे अहरोनाचे काम त्या मुकुटाखाली पुरे झाले.

जखऱ्या ३:१-५ शेवटी वाचावे. तेथे यहोशवा हा प्रमुख याजक मळकट वस्त्रांत उभा आहे, सैतान त्याच्यावर आरोप करीत आहे. देवदूत वस्त्रे काढावयास सांगतो व मग त्याच्या डोक्यावर स्वच्छ मंदील ठेवतात. मोठ्या वर्गाला विचारावे : मंदील त्याने स्वतः घातला की दुसऱ्याने घातला? आणि वस्त्रे मळलेली असताना घातला की ती काढल्यावर? लहान वर्गासाठी पुठ्ठ्याच्या चार पट्ट्या, एक गुण्या आणि कात्री न्यावी. मुलांना आधी मनाने कापू द्यावे, मग पंचेचाळीसची खूण करून. दोन्ही चौकटी शेजारी ठेवल्यावर मुले आपणच बोलू लागतील.