प्रज्ञापराध, पश्चात्ताप आणि प्रायश्चित्त

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानाच्या आरंभी औषधाची पर्यायनामे दिली आहेत. त्यांत पथ्य, प्रशमन यांच्या पंक्तीत ‘प्रायश्चित्त’ हाही शब्द आहे. वैद्याने या शब्दापाशी थोडे थांबावे.

शारीरस्थानाच्या पहिल्या अध्यायात धी, धृती व स्मृती यांच्या भ्रंशामुळे घडणाऱ्या अशुभ कर्मास प्रज्ञापराध म्हटले आहे. धी हिताहित जाणते, धृती मनास अहितापासून आवरते, स्मृती जाणलेल्याचे स्मरण देते. या तिन्हींचे सम्यक् कार्य म्हणजेच सदसद्विवेकबुद्धी, असे म्हणता येईल. धृती ढळून कृत्य घडते. पुढे स्मृती जागी होते व मन टोचू लागते. ही टोचणी म्हणजे अपराधभाव. म्हणून ती मुळात विकृती नव्हे, प्रज्ञा परत येत असल्याचे लक्षण होय.

परभणी जिल्ह्यात पूर्णा नदीवरील येलदरी धरणाच्या काठी एका वैद्याकडे अनिद्रेचे दोन रुग्ण आले, अशी कल्पना करू. एकाने भावाच्या शेताचा बांध कोरला आहे. भाऊ वारला, वहिनी एकटी आहे. दुसरी एक माता. तिचा मुलगा धरणात बुडाला आणि ‘मीच त्याला जाऊ दिले’ हा विचार तिला सोडत नाही. नाडी पाहून दोघांनाही जटामांसी देता येईल. परंतु निदान भिन्न आहे. पहिल्याचा अपराध खरा आहे. बांध पूर्ववत करणे व वहिनीची क्षमा मागणे हेच त्याचे प्रायश्चित्त. केवळ झोपेचे औषध देणे म्हणजे त्याची स्मृती पुन्हा निजविणे होय. मातेकडून अपराध घडलेलाच नाही. तो शोक आहे. तिला प्रायश्चित्त सांगणे हा वैद्याचाच प्रज्ञापराध ठरेल. तिला हवे आहे आश्वासन, आप्तांचा सहवास आणि सत्त्वावजय.

तिसरी अवस्था अधिक गंभीर. क्षमा मिळूनही वा दोष नसूनही रुग्ण स्वतःस जगण्यास अपात्र मानतो, अन्न टाकतो, मरणाची भाषा बोलतो. कर्जाच्या ओझ्याखाली शेतकऱ्यांनी जीव दिल्याचे मराठवाड्याने पाहिले आहे. अशा वेळी मरणाचा विचार येतो का, हे स्पष्ट विचारावे, रुग्णास एकटे सोडू नये व विलंब न करता मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवावे. २०२२ पासून ‘टेली मानस’चा १४४१६ हा विनामूल्य क्रमांकही उपलब्ध आहे.

अपराध खरा असल्यास परिमार्जन, नसल्यास आश्वासन, जीवास धोका असल्यास तत्काळ तज्ज्ञाची मदत: हा क्रम चुकू नये. त्यासाठी औषधपत्र लिहिण्यापूर्वी रुग्णाचे शांतपणे ऐकून घ्यावे लागते.